बोलायची जागा

सौरभ : थांब, आई. एक मिनिट थांब. ही मध्येच कोण बोलली?

मालन : कोण? कोणी नाही. टीव्ही असेल.

सौरभ : टीव्ही नाही गं. बाईचा आवाज होता. स्वच्छ म्हणाली, हा कॉल रेकॉर्ड होत आहे.

मालन : तुला पण ऐकू गेलं?

सौरभ : म्हणजे?

मालन : नाही, मला वाटलं ती फक्त माझ्या कानात बोलते.

सौरभ : आई, तू माझा कॉल रेकॉर्ड करतेयस?

मालन : मी कशाला रे करू. बोट लागलं असेल. तुझा हा नवा फोन साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. धरायला जावं तर सटकतो, आणि नको तिथे बोट पडतं.

सौरभ : ते बटण असं चुकून दबत नाही. आधी बंद कर बघू.

मालन : करते. थांब हां. चष्मा... हां. हे लाल का?

फोनमधली बाई : रेकॉर्डिंग आता बंद झाले आहे.

मालन : झालं. जाताना पण सांगून जाते मेली.

सौरभ : कोणी शिकवलं तुला हे?

मालन : ते सोड. तू मघाशी विचारलंस ना, फोन कसा वाटला? ते सांगते ना तुला. दिसायला झकास आहे. शेजारची जान्हवी म्हणाली, मावशी, तुमच्या मुलानं भारीतला घेतलाय. फोटो तर असा येतो की माझ्या तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या मोजून घ्याव्यात.

सौरभ : आई, मी काय विचारतोय...

मालन : ऐक तर. पण त्यात रेडिओ नाही. जुन्यात होता. कानातली वायर खुपसायला भोक पण नाही. आणि अंगठा घेत नाही माझा. आठ दिवस झाले, रोज सकाळी टेकवते, रोज म्हणतो, परत प्रयत्न करा. आता काय, बावीस वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटीत बाटल्यांची बुचं आवळली, त्यात गेल्या त्या रेषा. रेशनच्या मशीनला पण लागत नाही.

सौरभ : मी पिन टाकून दिलाय ना. स्वरदाची जन्मतारीख.

मालन : तीच घालते. आणि तो अनुमती किती मागतो रे! हे बघू का, ते बघू का, तुमचे फोटो बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. दिली बाबा. सगळ्याला दिली. म्हटलं, मी चारकोपात आहे, बसलेय, बघ काय बघायचं ते. आणि मला एक गोष्ट हवी, तर त्याची अनुमती नाही.

सौरभ : कुठली गोष्ट?

मालन : काही नाही.

सौरभ : आई.

मालन : आणि वाजत नाही तो.

सौरभ : वाजत नाही म्हणजे? व्हॉल्यूम कमी असेल.

मालन : व्हॉल्यूम फुल आहे. फोनच येत नाहीत. आधी दुपारी निदान त्या लोनवाल्या पोरी तरी फोन करायच्या. एक होती, फार गोड बोलायची. मी तिला म्हटलं पण, बाय, मला लोन नको, पण तू सावकाश बोल.

सौरभ : ते मी बंद केलंय. अनोळखी नंबर ब्लॉक. पेपरात वाचतेस ना, म्हाताऱ्या माणसांना फोन करून पोलीस आहे म्हणून सांगतात आणि लुटतात. तुझ्या सेफ्टीसाठीच केलं.

मालन : गॅसवाल्याचा पण आला नाही. परत गेला तो.

सौरभ : ओह. त्याचा नंबर सेव्ह कर, मग येईल.

मालन : बरं.

सौरभ : आता खरं सांग. अक्षतानं सांगितलं ना तुला रेकॉर्ड करायला?

मालन : अक्षतानं? ती कशाला सांगेल?

सौरभ : खोलीच्या भानगडीसाठी. दादा फोनवर काय काय बोलतो ते धरून ठेव म्हणून. मी ओळखतो ना माझ्या बहिणीला. दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण तुझ्या कानाशी लागायला बरोबर वेळ मिळतो तिला.

मालन : माझ्या कानाशी कोण लागत नाही रे. लागलं असतं तर बरं झालं असतं. ती मुलुंडहून महिन्यातून एकदा फोन करते, कुकरची शिट्टी झाली की ठेवते.

सौरभ : मग वकिलानं? कोणी सोसायटीतल्यानं? हे बघ, मी रागवत नाहीये. पण माझ्याच आईनं माझे फोन रेकॉर्ड करायचे म्हणजे... यार, कसं वाटतं ते? मी काय चोर आहे?

मालन : असं नको बोलू.

सौरभ : मग काय बोलू? खोली तुझ्या नावावर आहे, बाबांनी मिल बंद पडल्यावर आलेल्या पैशांतून घेतली, तुला कोणाला द्यायची त्याला दे. मी एक शब्द बोलणार नाही. पण हे पाठीमागून नको.

मालन : पाठीमागून कुठे? ती बाई तोंडावर सांगतेच की.

सौरभ : या फोनमध्ये सांगते. कंपनीचा नियमच आहे तो, समोरच्याला कळलंच पाहिजे. एक मिनिट. या फोनमध्ये सांगते... आई, जुन्या फोनमध्ये?

मालन : त्याचं काय?

सौरभ : त्यात पण करत होतीस?

मालन : मी नाही करत. तो आपला आपण करायचा. घेतला तेव्हाच दुकानदारानं चालू करून दिलेलं. म्हणाला, मावशी, कोणी फसवलं तर पुरावा असू दे. मला तर वर्षभर ठाऊक पण नव्हतं.

सौरभ : मग कळलं कधी?

मालन : करोनाच्या टाळेबंदीत. काहीतरी दाबत बसलेली, तर तुझा आवाज आला. मी म्हटलं, हॅलो, हॅलो, कधी लागला रे फोन? तू आपला बोलतच. मग कळलं, तो मागच्या रविवारचा होता.

सौरभ : म्हणजे तेव्हापासूनचे सगळे कॉल त्यात आहेत?

मालन : सगळे नाहीत. पुसले काही.

सौरभ : कुठले?

मालन : तू अक्षताला शिव्या दिलेले. आणि ती तुला. ते जेवताना ऐकवत नाहीत.

सौरभ : जेवताना?

मालन : असंच म्हटलं.

सौरभ : आई, जेवताना म्हणजे काय?

मालन : काही नाही. जाऊ दे ना आता. तुम्हाला बाहेर जायचं असेल. रविवार आहे. सून माझी, गंधाली, तयार होऊन बसली असेल.

सौरभ : गंधाली थांबेल. उद्या दहा ते बाराच्या मध्ये तो माणूस येणार आहे जुना फोन न्यायला. एक्सचेंजमध्ये दिलाय आपण तो. त्याच्या आधी सगळं पुसायला मी तुला सांगितलं होतं. केलंस?

मालन : नाही.

सौरभ : का?

मालन : जमलं नाही.

सौरभ : मी स्टेप बाय स्टेप लिहून पाठवलं होतं.

मालन : वाचलं. शेवटी तो विचारतो, सगळं कायमचं जाईल, नक्की ना? तिथे मी नाही म्हटलं.

सौरभ : आई, तो फोन खलास झालाय. बॅटरी फुगलीय. स्फोट झाला तर हातात होईल तुझ्या.

मालन : ठाऊक आहे मला. पाठ उघडलीय त्याची. चार्जरला लावला तरच चालू राहतो. मी रबर लावून ठेवलाय.

सौरभ : रबर! आणि त्यावर तू काय ऐकतेस ते तरी सांग.

मालन : तुला हसायला येईल.

सौरभ : नाही हसत.

मालन : तू विचारतोस ना दर रविवारी, फोन लावलास की पहिलं. जेवलीस का? सकाळचे अकरा वाजलेले असू दे नाहीतर संध्याकाळचे सहा, तुझं पहिलं तेच. तुझ्या बाबांचं पण तसंच होतं. पाळीवरून आले की चप्पल काढता काढता, जेवलीस गो?

सौरभ : हं.

मालन : तर मी पान वाढून घेते आणि तो लावते. तू विचारतोस, जेवलीस का? मी म्हणते, बसतेच आहे बघ. एकटीनं भात कालवला की घास घशाशी येतो रे. कोणी नुसतं विचारलं तरी खाली उतरतो.

सौरभ : रोज?

मालन : रोज. रविवारचा तुझा फोन अकरा-बारा मिनिटांचा असतो. कधी सात. तो मी पुरवून ऐकते. सोमवारी थोडा, मंगळवारी थोडा. बुधवारपर्यंत संपतो. मग गुरुवारपासून जुने काढते.

सौरभ : आई...

मालन : पावसाळ्यात एकदा मागून स्वरदा खोकत होती. तो मी पूर्ण आठवडा लावला, कारण त्यात ती शेवटी आज्जी म्हणाली होती. रोज विचारायचे, बाय, खोकला कमी झाला का गो? तो कसा कमी होणार! रोज तेवढाच खोकायची. शुक्रवारी मला इतकी काळजी लागली की तुला फोन करायला घेतला. मग माझं मलाच हसू आलं.

सौरभ : करायचा ना फोन.

मालन : तू कामात असतोस. मागे एकदा मंगळवारी केला, तर तू घाबरून म्हणालास, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तू म्हणालास, मग? त्या "मग"ला काय सांगू मी? ठेवला.

सौरभ : मला आठवत नाही असं बोललेलं.

मालन : माझ्याकडे आहे.

सौरभ : तो मंगळवारचा पण?

मालन : वाईट मानू नकोस. धरून ठेवायला नाही ठेवलं. राहिलंय आपलं.

सौरभ : मग मला आधी का नाही सांगितलंस? मी अक्षतापर्यंत जाऊन पोचलो.

मालन : काय सांगू? आईला तुझा आवाज उरवून उरवून खावा लागतो, हे सांगू? तू पैसे पाठवतोस, फोन पाठवलास, औषधं घरपोच येतात. कोणी विचारलं तर मी ताठ सांगते, माझ्या झिलाने काही कमी नाही केलं. खालच्या नलिनीचा मुलगा बघ, ढुंकून बघत नाही तिच्याकडे.

सौरभ : म्हणून या फोनमध्ये ते नाही म्हणून तू...

मालन : आठ दिवसांत दोनदा गेले मार्केटातल्या मोबाइलवाल्याकडे. पहिल्यांदा म्हणाला, ॲप टाकतो. टाकलं, तर आवाज नुसता माझाच यायचा. तुझा नाहीच. सात मिनिटं मी एकटीच बोलतेय, हो, हो, बरं, काळजी घे. वेड लागलेल्या बाईसारखी. दुसऱ्यांदा म्हणाला, मावशी, नव्या फोनांत कंपनी आता परवानगीच देत नाही. प्रायव्हसी आहे. मी विचारलं, प्रायव्हसी म्हणजे काय रे बाबा?

सौरभ : म्हणजे माझं बोलणं माझं. मला न विचारता कोणी ठेवू नये.

मालन : माझ्याशी बोललास ते पण तुझं?

सौरभ : तसं नाही गं...

मालन : नाही, बरोबर असेल ते. मला नाही कळत. मग काल जान्हवीनं हे बटण दाखवलं. म्हणाली, मावशी, एक बाई बोलते फक्त. मी म्हटलं, बोलू दे, मला काय त्याचं. मला काय ठाऊक ती तुला पण सांगते? मी मेली फसले.

सौरभ : ऐक. तो जुना फोन उद्या देऊ नकोस. मी एक्सचेंज कॅन्सल करतो. आणि ती रेकॉर्डिंग्ज सगळी नव्या फोनमध्ये टाकता येतात. एक केबल लावायची, दहा मिनिटांचं काम आहे.

मालन : खरं? सगळी येतील?

सौरभ : एकूण एक. मी येऊन टाकून देतो.

मालन : तू येऊन?

सौरभ : हो. चेंबूरहून चारकोपला यायला काय दीड तास. पुढच्या रविवारी नक्की येतो.

मालन : बरं.

सौरभ : बरं काय? खूश नाही झालीस?

मालन : झाले रे.

सौरभ : मग असं का बोलतेस?

मालन : काही नाही. ते आहे माझ्याकडे, म्हणून.

सौरभ : काय आहे?

मालन : पुढच्या रविवारी नक्की येतो. हेच. गणपतीच्या आधीचं आहे, दिवाळीचं आहे. एक तुझ्या नव्या गाडीचं आहे, आई, गाडी घेऊनच येतो, तुला गोराईला फिरवतो. त्यात तू फार आनंदात आहेस. ते मी सणाला लावते.



मालन : सौरभ? आहेस ना? की कटला? या फोनचं काही कळत नाही मला.

सौरभ : आहे.

मालन : बघ, मी उगाच बोलले. तुझा रविवार घालवला.

सौरभ : हा फोन मी पाठवायला नको होता. घेऊन यायला हवा होता. समोर बसून, सगळं दाखवून...

मालन : मी त्या दिवशी चहाचं आधण ठेवलं होतं. बेल वाजली तर कुरिअरवाला. त्यालाच दिला चहा. चांगला होता बिचारा, गोवंडीचा. म्हणाला, मावशी, दिवसभरात पहिल्यांदा कोणी बसा म्हणालं.

सौरभ : तुला वाटलं होतं मी येईन?

मालन : तू म्हणाला नव्हतास. माझंच आपलं.

सौरभ : आई, एक विचारू? रेकॉर्डिंगमध्ये तर तुझा पण आवाज असतो ना? मी विचारतो आणि लगेच तूच उत्तर देतेस. मग तू परत काय बोलतेस त्याच्याशी?

मालन : असतो ना. माझ्या आवाजाचा फार राग येतो मला. मी घाईघाईत बोलते रे फोनवर. तू ठेवशील म्हणून भराभर सगळं सांगून टाकते, तुला बोलूच देत नाही. नंतर ऐकलं की वाटतं, अगो, गप रव की जरा, त्याला बोलू दे.

सौरभ : मग?

मालन : पण तू मध्ये मध्ये गप्प बसतोस ना. तू लॅपटॉपवर काहीतरी करत असतोस, टकटक वाजतं मागे. नुसतं हं म्हणतोस आणि थांबतोस. त्या जागा चांगल्या असतात. तिथे मी बोलते. नलिनीच्या गुडघ्याचं, भाजीवाल्याचं, पाणी कधी आलं नाही त्याचं. सगळं बसतं तेवढ्यात.

सौरभ : मी लक्ष देत नसतो तिथे.

मालन : हो. मला चालतं ते.

सौरभ : ते बटण लाव.

मालन : कुठलं?

सौरभ : रेकॉर्डिंगचं. लाल. आत्ता लाव.

मालन : ती बाई बोलेल परत.

सौरभ : बोलू दे. मला कळलंय ना आता, मग झालं. माझी परवानगी आहे.

मालन : थांब. चष्मा वर गेला. हां.

फोनमधली बाई : हा कॉल आता रेकॉर्ड होत आहे.

मालन : गेली ती. बोल.

सौरभ : आई, या बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघून...

मालन : नको. ते नको ह्यात घालू, झिला. आलास तर ये, दार उघडंच आहे. पण ह्यात नको. ते मग राहतं.

सौरभ : मग काय बोलू?

मालन : तुझं नेहमीचं विचार ना. नुसतं तेवढंच.

सौरभ : आई... जेवलीस का?

सौरभ : आई? जेवलीस का गं?

सौरभ : हॅलो? आहेस ना?

मालन : आहे रे. आता तू पण जरा गप रव. एवढी जागा लागते माका बुधवारी जेवताना.